गिअर केव्हा बदलावा? : टी. ई. लॉरेन्सचे चरित्र

(द्वितीय वर्ष, कला)

मोटारसायकलचा गिअर कसा बदलावा हे शिकायला एक दुपार पुरते. क्लच दाबावा, रेस कमी करावी, पायाने गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा, एवढाच तो विधी. परंतु गिअर केव्हा बदलावा हे शिकायला पुष्कळांना वर्षे लागतात, आणि काहींना तर ते जन्मभर जमत नाही. मोटारसायकल चालवणारी शंभर माणसे पाहिली, तर वरचा गिअर टाकण्याची घाई नव्वदांना असते. खालचा गिअर वेळेवर टाकणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतात.

माणसाच्या आयुष्याचेही असेच आहे, असे मला वाटते. वर कसे चढावे हे शिकवणारी पुस्तके आमच्या ग्रंथालयात कपाटभर आहेत. खाली केव्हा यावे, आणि आपल्या इच्छेने कसे यावे, हे दाखवणारी चरित्रे फार थोडी सापडतात. त्यांपैकी एक चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहे. ते आहे टी. ई. लॉरेन्स या इंग्रज माणसाचे.

लॉरेन्स हे नाव आपल्याकडे चित्रपटामुळे माहीत आहे. डेव्हिड लीन यांचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा चित्रपट १९६२ साली निघाला. वाळवंट, उंट, पांढरा अरबी झगा आणि सोनेरी कंबरपट्टा ही त्यातील चित्रे लोकांच्या डोळ्यांपुढे राहिली. पण तो चित्रपट उंटावर सुरू होत नाही, मोटारसायकलवर सुरू होतो, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. लॉरेन्सच्या आयुष्याची शेवटची तेरा वर्षे मोटारसायकलच्या सोबतीने गेली आणि त्याचा अंतही तिच्यावरूनच झाला. म्हणून त्याचे चरित्र सांगताना उंटाइतकेच मोटारसायकललाही स्थान द्यावे लागते.

थॉमस एडवर्ड लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधील ट्रेमाडॉग या गावी झाला. त्याचे वडील मूळचे आयर्लंडमधील जमीनदार. घरात मुलींना सांभाळणाऱ्या शिक्षिकेवर त्यांचे मन जडले. पत्नी आणि चार मुली यांना मागे सोडून ते तिच्यासह निघून गेले आणि त्यांनी लॉरेन्स हे नवे आडनाव घेतले. या दोघांचे लग्न कधीच होऊ शकले नाही. त्यांना पाच मुलगे झाले, त्यांतील हा दुसरा. म्हणजे ज्या नावाने तो जगभर गाजला, ते नाव मुळात त्याच्या घराण्याचे नव्हतेच! पुढे त्याने आयुष्यात दोनदा नाव बदलले, त्याचे मूळ कदाचित येथे असावे.

१८९६ मध्ये हे कुटुंब ऑक्सफर्डला स्थायिक झाले. मुलगा अंगाने लहानखुरा. मोठेपणीही त्याची उंची साडेपाच फुटांच्या आतच राहिली. परंतु शरीराला कष्टाची सवय लावण्याचा त्याला छंद होता. ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजात त्याने इतिहास हा विषय घेतला. १९०८ च्या उन्हाळ्यात तो सायकलवरून फ्रान्समध्ये गेला आणि जुने किल्ले पाहत दोन हजारांहून अधिक मैल फिरला. पुढच्या वर्षी तो सीरियात गेला आणि एकट्याने पायी सुमारे हजार मैल चालून त्याने धर्मयुद्धांच्या काळातील तीसहून अधिक किल्ले पाहिले. ऊन, ताप, चोर या साऱ्यांशी गाठ पडली, तरी तो मागे फिरला नाही. या किल्ल्यांवरच त्याने आपला प्रबंध लिहिला आणि १९१० साली इतिहासात पहिला वर्ग मिळवला. सह्याद्रीतील गड पायी पालथे घालणाऱ्या आपल्याकडील इतिहासवेड्या मंडळींना हा तरुण आपल्याच बिरादरीतला वाटेल.

१९११ पासून महायुद्ध सुरू होईपर्यंत तो युफ्रेटिस नदीकाठच्या कार्केमिश येथे ब्रिटिश म्युझियमच्या उत्खननावर काम करीत होता. खणणाऱ्या मजुरांमध्ये मिसळून तो अरबी बोलायला शिकला. कोणाचे कोणाशी वैर आहे, कोण कोणत्या टोळीचा, कोणाला कशाने राग येतो, हे सारे त्याने तेथे टिपून घेतले. पुढे हीच विद्या त्याच्या कामी आली.

१९१४ च्या डिसेंबरात तो कैरोला लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात रुजू झाला. पुढच्याच वर्षी त्याचे दोन भाऊ फ्रान्सच्या रणभूमीवर कामी आले. १९१६ च्या एप्रिलमध्ये त्याला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पाठवण्यात आले. हा प्रसंग आपल्याशी जवळचा आहे. तैग्रिस नदीवरील कुत अल अमारा या गावी तुर्कांनी ब्रिटिश हिंदी फौजेला डिसेंबर १९१५ पासून वेढा घातला होता. ही फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तीत मराठा पलटणी होत्या. अन्न संपले, घोडे मारून खाण्याची पाळी आली, आणि ते मांस अनेक हिंदी शिपायांनी धर्मासाठी नाकारले. तुर्की सेनापतीला वीस लाख पौंडांपर्यंत रक्कम देऊ करून वेढा उठवता येतो का, हे पाहायला जे अधिकारी गेले, त्यांत लॉरेन्स होता. तुर्कांनी ती रक्कम झिडकारली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली आणि त्यांतील कितीतरी कैदेत व वाटेत मेली. मराठी मुलखातल्या ज्या घरांतून माणसे सैन्यात गेली, त्यांतील काही घरांची राख त्या परक्या नदीकाठी पडली आहे. लॉरेन्सची गोष्ट वाचताना ही माणसे विसरता कामा नयेत.

याच वर्षी जून महिन्यात मक्केचा शरीफ हुसेन याने तुर्कांविरुद्ध बंड पुकारले. ऑक्टोबरमध्ये लॉरेन्सची गाठ त्याचा मुलगा फैसल याच्याशी पडली आणि इतिहासाला वळण लागले. अरबांची टोळकी शूर होती, पण तोफखान्यासमोर उभे राहून लढण्याची त्यांना शिस्त नव्हती. दमास्कसपासून मदिनेपर्यंत सुमारे तेराशे किलोमीटर लांबीची हेजाझ रेल्वे तुर्कांनी बांधली होती. मदिनेतील तुर्की फौजेला रसद पुरवणारी तीच एक वाट. मदिना जिंकण्याचा हट्ट लॉरेन्सने धरला नाही. ती फौज तेथेच अडकून पडली तर उत्तमच, असे त्याचे गणित होते. उंटावरून यायचे, रुळाखाली सुरुंग पेरायचे, पूल उडवायचे आणि शत्रू गोळा होण्याआधी वाळवंटात नाहीसे व्हायचे. गनिमी कावा ज्या मातीत वाढला, त्या मातीतल्या वाचकाला याची वेगळी ओळख करून द्यायला नको.

मे १९१७ मध्ये थोडे लोक बरोबर घेऊन तो वाळवंटात शिरला आणि दोन महिने मोठा वळसा घालून अकाबा या बंदरावर जमिनीच्या बाजूने उतरला. ६ जुलै रोजी अकाबा पडले. त्याआधी चारच दिवस झालेल्या चकमकीत एक विलक्षण गोष्ट घडली. भरधाव उंटावरून पिस्तूल झाडताना त्याची गोळी त्याच्याच उंटाच्या डोक्यात शिरली आणि लॉरेन्स उंटाच्या मानेवरून पुढे फेकला जाऊन बेशुद्ध पडला. त्या दिवशी तो वाचला. वेगाच्या भरात असताना माणूस कोणत्या दिशेला फेकला जातो, याचा धडा त्याला तेव्हाच मिळाला होता, असे म्हणावे लागेल.

१ ऑक्टोबर १९१८ रोजी दमास्कस पडले. तिशीतला लॉरेन्स आता लेफ्टनंट कर्नल झाला होता. पण त्याच्या मनाला मोठी टोचणी लागलेली होती. अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवून लढायला लावणाऱ्या ब्रिटनने १९१६ मध्येच फ्रान्सबरोबर गुप्त करार करून त्या प्रदेशाची वाटणी ठरवून ठेवली होती. लॉरेन्सला याची कुणकुण युद्ध चालू असतानाच लागली होती आणि तरीही तो अरबांना पुढे नेत राहिला. येथे त्याचा दोष झाकण्याचे कारण नाही. तो साम्राज्याचा नोकर होता आणि साम्राज्याच्या कामासाठीच त्याने दुसऱ्यांची माणसे लढवली. फरक एवढाच, की त्याला त्याची लाज वाटली. ३० ऑक्टोबर १९१८ रोजी राजे पाचवे जॉर्ज त्याला सन्मानचिन्हे द्यायला उभे असता त्याने ती राजासमोरच नम्रपणे नाकारली.

पुढे १९१९ च्या पॅरिस परिषदेत त्याने फैसलची बाजू मांडली. ती फळाला आली नाही. १९२० मध्ये फ्रेंचांनी फैसलला दमास्कसमधून घालवून दिले. १९२१ साली चर्चिल वसाहत खात्याचे मंत्री असताना लॉरेन्स त्यांचा सल्लागार झाला आणि त्याच वर्षी फैसलला इराकचे सिंहासन मिळाले. दरम्यान लोवेल थॉमस या अमेरिकन वार्ताहराने लंडनमध्ये चित्रे दाखवून व्याख्याने दिली आणि लॉरेन्स घराघरांत पोहोचला. आपल्या युद्धकथेचे हस्तलिखित त्याने रेडिंग स्टेशनवर हरवले आणि पुन्हा पहिल्यापासून ते सारे आठवणीने लिहून काढले! ‘सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम’ या ग्रंथाची ही जन्मकथा आहे.

आता या माणसापुढे काय नव्हते? राज्यपालपद, विद्यापीठातील मानाची जागा, मंत्र्यांची मैत्री, पैसा, यांपैकी हवे ते हात पुढे करून घ्यावे, अशी वेळ होती. आणि नेमक्या त्याच वेळी, ऑगस्ट १९२२ मध्ये, या कर्नलाने जॉन ह्यूम रॉस असे खोटे नाव घेऊन ब्रिटिश विमानदलात साधा शिपाई म्हणून नाव नोंदवले. बराकीत झोपावे, फरशी घासावी, आपल्याहून लहान हुद्देदाराच्या शिव्या खाव्या, असे आयुष्य त्याने आपण होऊन पत्करले.

हे त्याने का केले असावे, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस सुटत नव्हता. त्याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, आमच्या गावच्या खिंडीत मिळाले.

माझे वडील रोज पहाटे मोटारसायकलला दुधाच्या दोन मोठ्या किटल्या बांधून खिंड चढून डेअरीला जातात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. मी गाडी शिकताना मागे बसून ते माझ्याकडे नव्हे, इंजिनाकडे कान लावून बसत. त्यांच्या शिकवण्यातून मला जे उमगले ते असे. इंजिनाची ताकद एका ठराविक फिरण्यातच असते. त्याहून हळू फिरू लागले तर ते गुदमरते, फार जोरात फिरवले तर नुसते ओरडते. चाकाची गरज मात्र क्षणोक्षणी बदलते. पहिल्या गिअरात इंजिन पुष्कळ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते, म्हणून वेग कमी पण ओढ जास्त. वरच्या गिअरात वेग जास्त पण ओढ कमी. गाडी हलकी पळू लागली आणि इंजिनाचा आवाज वर चढला, की वरचा गिअर टाकावा. मूठ पिळूनही गाडी उचल घेत नाही, इंजिन धडधडते, हादरे बसतात, असे झाले तर समजावे, की खालचा गिअर टाकायला आपल्याला उशीर झाला. चढणीला धाप लागल्यावर गिअर पाडण्यापेक्षा चढण लागण्याआधीच पाडावा. वळणाच्या मध्यात गिअरशी खेळू नये, वेग आधी कमी करून योग्य गिअरात वळणात शिरावे. वेग न उतरवता एकदम खालचे गिअर टाकत गेले तर मागचे चाक घसरते, म्हणून एकेक गिअर उतरावा. आणि सर्वांत महत्त्वाचे उताराचे. ज्या गिअरात चढण चढलो, त्याच गिअरात ती उतरावी, म्हणजे इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी बंद करून किंवा न्यूट्रलवर टाकून उताराला सोडणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. वडील त्यांना वेडे म्हणतात.

या सगळ्याचे सार एकच. खालचा गिअर म्हणजे हार नव्हे. ओझे मोठे आणि वाट चढणीची असेल, तेव्हा तो शहाणपणा असतो. लॉरेन्सच्या मनावर युद्धाचे, मेलेल्या भावांचे आणि मोडलेल्या वचनांचे ओझे होते. कीर्तीच्या वरच्या गिअरात त्याचे इंजिन धडधडू लागले होते. जगाला त्याचा वेग दिसत होता, पण त्याला आतला आवाज ऐकू येत होता. म्हणून तो खाली आला.

खाली येणेही त्याला सुखाने लाभले नाही. डिसेंबर १९२२ मध्ये वर्तमानपत्राने त्याला शोधून काढले आणि जानेवारीत विमानदलाने त्याला घरी पाठवले. मार्च १९२३ मध्ये तो टी. ई. शॉ या नावाने रणगाडा दलात भरती झाला. डॉर्सेट परगण्यातील बोव्हिंग्टन येथे त्याचा तळ होता. जवळच क्लाउड्स हिल नावाची एक लहानशी झोपडीवजा घरटी त्याने घेतली. तेथे पुस्तके, ग्रामोफोन आणि मित्र एवढाच संसार. १९२५ च्या ऑगस्टमध्ये त्याला पुन्हा विमानदलात घेतले गेले आणि १९२७ मध्ये शॉ हेच त्याचे कायदेशीर नाव झाले.

याच दिवसांत त्याच्या आयुष्यात मोटारसायकल आली. नॉटिंगहॅमचे जॉर्ज ब्रफ ‘ब्रफ सुपीरियर’ या नावाच्या गाड्या बनवीत. मोटारसायकलींतील रोल्स रॉईस असा तिचा लौकिक होता. १९२४ मध्ये निघालेली तिची ‘एसएस १००’ ही गाडी ताशी शंभर मैल धावते अशी हमी देऊन विकली जाई. १९२२ पासून लॉरेन्सने एकामागून एक अशा सात ब्रफ गाड्या वापरल्या आणि मृत्यूच्या वेळी आठवीची मागणी नोंदवलेली होती. बायबलमधील मेघगर्जनेच्या पुत्रांवरून त्याने आपल्या गाडीला बोअनर्जिस हे नाव दिले होते. १९२६ च्या सप्टेंबरपर्यंत पाच गाड्यांवर मिळून त्याचे एक लाख मैल पुरे झाले होते! क्रॅनवेलला असताना रस्त्यावरून त्याने आकाशातल्या एका लढाऊ विमानाशी शर्यत लावली, तिचे वर्णन त्याच्या ‘द मिंट’ या पुस्तकात आहे. हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९५५ मध्ये, सर्वांसाठी प्रसिद्ध झाले.

आजच्या वाचकाला त्या काळच्या मोटारसायकलची एक गोष्ट सांगायला हवी. आज गिअर पायात आहे. त्या काळी बहुतेक गाड्यांचा गिअर हाताने टाकावा लागे. पेट्रोलच्या टाकीशेजारी लांब दांडा असे. वेलोसेट कंपनीने पायाचा, दर वेळी एकच घर सरकणारा गिअर १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणला आणि मग तो हळूहळू सर्वत्र रुळला. तोपर्यंत गिअर बदलायचा म्हणजे एक हात हँडलवरून काढावा लागे. खड्ड्यात, वळणात किंवा समोर कोणी आडवे आले असता हात काढणार कसा? म्हणून त्या पिढीच्या चालकाला गिअर नेहमी आधी बदलावा लागे. पुढचा रस्ता वाचूनच त्याला निर्णय घ्यावा लागे. लॉरेन्सला वेगाचे वेड होते, पण एक लाख मैल पार करणारा माणूस नुसत्या वेडावर जगत नाही. वेड आणि कान, दोन्ही त्याला लागतात.

१९२६ च्या अखेरीस त्याला हिंदुस्थानात धाडण्यात आले. जानेवारी १९२७ मध्ये तो कराचीला उतरला. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यातच होते. तेथील डेपोत तो विमानांच्या इंजिनांच्या दुरुस्तीची कागदपत्रे सांभाळणारा कारकून होता. १९२८ च्या मे महिन्यात त्याची बदली अफगाण सरहद्दीजवळच्या मीरनशाहला झाली. त्या वर्षी अफगाणिस्तानात राजे अमानुल्लांविरुद्ध बंड उठले आणि वर्तमानपत्रांनी त्यामागे लॉरेन्सचा हात असल्याच्या वावड्या उठवल्या. सरकार घाबरले. जानेवारी १९२९ मध्ये मुंबई बंदरातून राजपुताना या बोटीने त्याला मायदेशी परत पाठवण्यात आले. ज्याच्या नावाने दोन सरकारे हादरली, तो माणूस तेव्हा टंकलेखन करीत आणि होमरचे ‘ओडिसी’ इंग्रजीत आणीत बसला होता! ते भाषांतर १९३२ मध्ये निघाले.

इंग्लंडमध्ये प्लिमथच्या तळावर असताना फेब्रुवारी १९३१ मध्ये एक मोठे विमान त्याच्या डोळ्यांदेखत समुद्रात कोसळले. बचावासाठी धावलेल्यांत लॉरेन्स होता. विमानदलाच्या बचावबोटी फार संथ आहेत, हे त्याला पटले होते. पुढची चार वर्षे त्याने वेगवान बोटींच्या बांधणीत आणि चाचणीत घालवली. इंजिने खोलावी, तेलाने माखावे, भर वाऱ्यात बोट पळवून पाहावी, हे काम त्याला मनापासून आवडले. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांना वाचवणाऱ्या वेगवान बोटींच्या मागे या कामाचाही हातभार आहे. अरबस्तानात त्याने पूल उडवले, येथे त्याने माणसे वाचवण्याचे साधन घडवले. खालच्या गिअरात असताना केलेले हे काम मला त्याच्या दमास्कसच्या विजयाहून मोठे वाटते.

फेब्रुवारी १९३५ च्या अखेरीस त्याची नोकरी संपली आणि तो क्लाउड्स हिलला राहायला आला. १३ मे १९३५ रोजी तो मोटारसायकलवरून बोव्हिंग्टनच्या टपालकचेरीत गेला, एका लेखक मित्राला जेवायला येण्याविषयी तार केली आणि घराकडे वळला. वाटेत रस्त्याला चढउतार होते. खोलगट भागात पुढे दोन मुले सायकलवर चालली होती, ती त्याला अगदी जवळ आल्यावर दिसली. त्यांना वाचवण्यासाठी त्याने गाडी वळवली. एका सायकलला धक्का लागला आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. डोके रस्त्यावर आपटले. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. सहा दिवस तो बेशुद्ध राहिला आणि १९ मे रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, बोव्हिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात त्याने प्राण सोडला. दोन्ही मुले वाचली. २१ मे रोजी मोरटन गावी त्याला पुरले, तेव्हा चर्चिल तेथे उपस्थित होते.

लोकांनी लगेच ठरवून टाकले, की वेगाचा वेडा वेगाने मेला. पण चरित्रकार एक गोष्ट नमूद करतात. अपघातानंतर त्याची गाडी दुसऱ्या गिअरात आढळली. म्हणजे शंभर मैल धावणारी ती गाडी त्या क्षणी वरच्या गिअरात सुसाट सुटलेली नव्हती. ज्या रस्त्याला जो गिअर हवा, त्यात ती होती. म्हणजे गिअर चुकला नव्हता, आणि तरी माणूस गेला. ही गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. सगळे बरोबर करूनही रस्ता माणसाला पाडू शकतो. मग त्याच्या हाती उरते काय?

याचे उत्तर लॉरेन्सच्या उशाशी उभ्या असलेल्या एका डॉक्टरांनी शोधले. ह्यू केर्न्स हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले मेंदूचे शल्यविशारद त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत होते. त्यांना त्याला वाचवता आले नाही. पण मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा त्यांनी ध्यास घेतला. १९४१ साली त्यांनी ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात निबंध लिहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये २२७९ मोटारसायकलस्वार आणि डबलसीट बसलेले लोक रस्त्यावर मेले होते, आणि बहुतेकांच्या मरणाचे कारण डोक्याची इजा हे होते. शिरस्त्राण घातलेले असताना अपघात झालेले अवघे सात रुग्ण त्यांच्या पाहण्यात आले होते. त्या सातांपैकी एकही मेला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने कामावरील मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये ती सक्ती सर्वांना लागू झाली. आपल्या देशातही १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ती आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही आपली म्हण ब्रिटनने अशी खरी केली.

आपण मात्र ती खरी करायला तयार नाही. आमच्या पंचक्रोशीत यात्रेच्या हंगामात एखादे तरी तरणे पोर मोटारसायकलवरून जाते. हेल्मेट घरी खुंटीला, नाहीतर गाडीच्या आरशाला अडकवलेले असते. उताराला गाडी न्यूट्रलवर असते. मागे उरतात आईबाप आणि गाडीचे न फिटलेले हप्ते. मित्रहो, ही मुले भित्री नव्हती, आळशीही नव्हती. त्यांना वेग शिकवायला सगळे होते, गिअर पाडायला शिकवणारे कोणी नव्हते.

आणि हे फक्त रस्त्यापुरते नाही. आमच्यासारख्या, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलामुलींवर सगळ्या घराची नजर असते. आम्ही साहेब व्हावे, तेही लवकर व्हावे, अशी गावाची अपेक्षा असते. ती अपेक्षा मायेची आहे, हे आम्हांला कळते. पण दुधाच्या किटल्या बांधलेली गाडी पहिल्याच चढणीला टॉपवर नेता येत नाही. एखादे वर्ष हळू जाईल, एखादी परीक्षा पुन्हा द्यावी लागेल, पदवी हातात असताना काही दिवस शेतात किंवा दुकानात काम करावे लागेल. त्याची लाज कशाला? कर्नल असलेल्या माणसाने बराकीची फरशी घासली, आणि त्याच हातांनी पुढे बचावाच्या बोटी घडवल्या.

लॉरेन्स निर्दोष नव्हता. त्याने ज्यांना स्वातंत्र्याचे वचन दिले, त्यांना ते मिळवून देता आले नाही, आणि कुतच्या वाळूत पडलेल्या आपल्या शिपायांसाठी कोणी ग्रंथ लिहिला नाही. तरीही आपल्या इंजिनाचा आवाज ऐकून, जगाच्या टाळ्या चालू असताना, एक गिअर खाली येण्याचे धैर्य त्याने दाखवले. त्या धैर्यासाठी त्याचे चरित्र आमच्या वयाच्या मुलांनी वाचावे. आणि वाचून झाल्यावर गाडीला किक मारण्याआधी खुंटीवरचे हेल्मेट उतरवून डोक्यावर घालावे.